कपाटाच्या दारावरची आई

कोणी पेंटरबुवांच्या चित्राचं कौतुक केलं, की ते चित्रावर नखाने टकटक करायचे आणि म्हणायचे, "याच्या खाली अजून एक आहे." खरंच असायचं. मनासारखं न उतरलेलं चित्र ते कधी खरवडत नसत, त्यावरच दुसरं काढत. "खरवडलं की संपलं. झाकलं तर राहतं."

इंग्लंडमधल्या बेसिंगस्टोकला आमच्या ऑफिसच्या कँटीनमध्ये ते कॉफी द्यायचे आणि माझ्या घरासमोर राहायचे. कॉलिंग कार्डावरचा नंबर खरवडून नागपूरला घरी फोन लावायचे ते दिवस. इटलीतल्या एका मच्छीमार गावात त्यांनी पोरवयात होड्या रंगवल्या, इंग्लंडात येऊन लोकांच्या भिंती रंगवल्या आणि उरलेल्या रंगात चित्रं सुरू केली. शिकवायला कोणी नव्हतं. कॅनव्हास त्यांना फार मऊ वाटायचा, म्हणून लोकांनी टाकून दिलेली किचनच्या कपाटांची दारं ते उचलून आणत. चित्रात बिजागरीची भोकं तशीच. वीस वर्षांत एकच प्रदर्शन, तेही लायब्ररीच्या जिन्यात. असा एखादा माणूस तुमच्याही ओळखीचा असेल, ज्याला आपण 'वा, छान' म्हणतो आणि कामाला लागतो. मीही तेच करायचो.

मग आई सहा महिन्यांसाठी आली. मी दिवसभर ऑफिसात, ती एकटी. दुपारी कँटीन बंद झालं की पेंटरबुवा (हे नाव तिनेच ठेवलं) घरी परतत. ती त्यांच्या गॅरेजमध्ये जाऊन बसू लागली आणि ते तिचं चित्र काढू लागले. ती मराठीत बोलायची, ते इटालियनमध्ये.

"काय बोलता गं तुम्ही इतकं?"

"तुला काय करायचंय? बोलतो आम्ही."

एक दिवस लंडनच्या एका गॅलरीची बाई गॅरेजमध्ये येऊन गेली. दुसऱ्या दिवशी पेंटरबुवांनी माझी कॉफी कपाबरोबर बशीतही ओतली. "युवर मदर! बाकीची चित्रं पण नेणार, पण पहिली युवर मदर!"

संध्याकाळी मी आईबरोबर बघायला गेलो. करडी शाल, करडे केस आणि कपाळावर लालभडक कुंकू. बाबांना जाऊन नऊ वर्षं झाली होती. तेव्हापासून आईचं कपाळ मोकळं होतं. माझं डोकंच फिरलं.

"हे कोणी सांगितलं तुम्हाला? शी इज अ विडो! काढून टाका ते."

त्यांनी आईकडे पाहिलं. आईने मान खाली घातली आणि शाल सारखी केली. तिला अपमान वाटला, असं मी ठरवून टाकलं. तिला विचारलं मात्र नाही.

"ओके," ते म्हणाले. "आय कव्हर."

गॅलरीची बाई चित्रं न्यायला आली, बराच वेळ बघत राहिली आणि हे ते चित्रच नव्हे म्हणाली. बाकीचीही तिथेच ठेवून गेली. काउंटर पुसता पुसता त्यांनी मला सांगितलं, "लाल गेलं, आता नजर कुठे थांबत नाही म्हणे." तक्रारीचा सूर अजिबात नव्हता. मी 'सॉरी' म्हणालो, पण चुकलो असं मनातून वाटत नव्हतं. चित्र त्यांनी मलाच देऊन टाकलं. त्यानंतर त्यांच्या हातात ब्रश मी पाहिला नाही.

आई नागपूरला परतली आणि पुढच्या वर्षी वारली. तिचे दिवस करून मी आलो, तेव्हा ते भेटायला आले. भिंतीवरच्या चित्रापाशी गेले आणि कपाळावर नखाने टकटक केलं.

"खाली आहे."

"माहीत आहे. तुम्ही काढलेलं."

"मी नाही. शी डिड. तिने बोट रंगात बुडवलं आणि स्वतः लावलं. हसली. मग असं केलं." त्यांनी ओठांवर बोट ठेवून दाखवलं.

"मग त्या दिवशी का नाही बोललात?"

"ती नाही बोलली. मी कसा बोलणार?"

मला रडू आवरेना. आईने नऊ वर्षांनी केलेली एक हौस मी पुसायला लावली होती, आणि ती झाकून ठेवण्यासाठी या माणसाने हातातली गॅलरी सोडली होती. मी म्हणालो, "परत लाल करा. प्लीज."

"तिचं बोट कुठून आणू?"

वर्षभरात ते इटलीला बहिणीकडे निघून गेले. त्यांच्या गॅरेजमध्ये आता कोणाच्या तरी सायकली असतात. दुपारचं ऊन भिंतीवर तिरपं आलं, की आईच्या कपाळावर बारीकसा उंचवटा दिसतो. मी त्यावर बोट ठेवतो. खरवडत नाही.