नर्सबायच्या हुकमी चुका

नर्सबाय कीबोर्डवर टाइप करत नसे, कीबोर्डला इंजेक्शन देत असे. उजव्या हाताचं एकच बोट वर जायचं, क्षणभर थांबायचं, आणि मग नेमक्या अक्षरात खसकन घुसायचं. माझ्या झेरॉक्सच्या दुकानातला कॉम्प्युटर दरवेळी ‘आई गं’ म्हणेल असं मला वाटे. नर्सबायने आयुष्यभर कुणकेश्वरच्या आसपासच्या वाड्यांवर बाळंतपणं केली. मलाही तिनेच बाहेर काढलं, आमच्याच घराच्या पडवीत. गळ्याभोवती नाळ, अंग निळं, आवाज नाही. मग तिने मला उलटा धरून एक सणसणीत फटका दिला. ही कथा ती दुकानात येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगायची आणि शेवटी माझ्याकडे बोट करायची, “तेवा रडाक तयार नव्हतो, आता गप रवाक तयार नाय!”

निवृत्त झाल्यावर तिला वंशावळीचं वेड लागलं. मुंबईच्या पुतण्याने तिला वंशवृक्षाच्या एका वेबसाइटवर खातं काढून दिलं आणि तो मोकळा झाला. मी अडकलो. रोज चार वाजता ती स्वतःचं स्टूल घेऊन यायची. तिला खरं पाहिजे होतं एकच. तिची आई तिच्या जन्माच्या वेळीच गेली. वडिलांनी दुसरं लग्न केलं, आणि पहिलीचा विषय घरात कधी निघाला नाही. लग्नात ठेवलेलं ‘लक्ष्मी’ हे नाव आणि ‘आरोंद्याकडची खंयची तरी’ एवढंच तिच्या हाती होतं. वेबसाइटवर लक्ष्मीच्या नावाखाली एक रिकामा चौकोन होता, ‘जन्मनाव’. भरला नाही तर लाल दिसायचा. “हजार पोरांची नावां रजिस्टरात लिवलंय,” ती म्हणायची, “आनि माझ्या आवशीच्या नावाक लाल दिवो!”

विचारून काही मिळेना. आमच्याकडे कुणी पूर्वजांची चौकशी केली की माणसाच्या डोळ्यांसमोर पहिल्यांदा सातबारा उभा राहतो. ही दारात गेली की पहिला प्रश्न ठरलेला, “कित्याक गो? जमिनीचा काय आसा?” आरोंद्याला ती दोनदा जाऊन आली. एका घरी खुर्चीतल्या म्हाताऱ्याने चहा दिला, खारे काजू दिले आणि ती कुणाची कोण हे न विचारताच ठणकावून सांगितलं, “आमका काय म्हायत नाय.” काजूच्या बागेत वाटा मागायला आलीय, अशी त्याची खात्रीच झाली होती.

मग तो महान दिवस उजाडला. तिच्या सासरी नातवाला आजोबांचं नाव ठेवायची चाल. त्यामुळे विठ्ठलचा सखाराम, सखारामचा विठ्ठल, पुन्हा विठ्ठलचा सखाराम, असं पिढ्यान् पिढ्या चाललेलं. सॉफ्टवेअरने अदबीने विचारलं, ‘हे दोघे एकच व्यक्ती असावेत. एकत्र करायचे का?’ नर्सबायने ‘हो’ला इंजेक्शन दिलं. पुन्हा विचारलं, पुन्हा इंजेक्शन.

“अगो, काय करतंस?” मी ओरडलो.

“इतको शिकलेलो कंप्युटर,” ती म्हणाली, “खोटा कित्याक सांगतलो?”

पाच मिनिटांत सगळे विठ्ठल मिळून एकच विठ्ठल उरला. तो दीडशे वर्षांहून जास्त जगला होता, त्याला चार बायका होत्या, आणि तो स्वतःच्या मुलाचा मुलगा होता. हा चमत्कार त्याच संध्याकाळी पुतण्यामार्फत, माझ्या दुकानाच्या नंबरासकट, भावकीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर पोचला.

दुसऱ्या दिवशी माझ्या दुकानातला फोन खाली राहिना. ज्या बायकांनी दोन वर्षं तोंड उघडलं नव्हतं, त्या आता तोंड मिटेनात. “माझी आजी चौथी बायल?” ठाण्याहून एक काकू कडाडली. “तिचो घोव एकच होतो, आनि तोय तिका जड झालेलो! मिठबावची ती. द्वारका नाव तिचा. बापूस तारवार तांडेल. लिवन घे!”

नर्सबाय लिहून घेत होती. तिसऱ्या फोननंतर तिने चष्मा काढला आणि माझ्याकडे असं पाहिलं, जणू तिला नवीन औषध सापडलं. “बघितलंस? इचारलंस तर कोण बोलूचो नाय. चुकीचा लिवलंस, तर मसणातसून उठान सांगाक येतली!”

विठ्ठल तिने पुन्हा सुटे केले, पण तेव्हापासून तिच्या चुका हुकमी झाल्या. कुणाची पणजी हवी असली की तिला ही भलत्याच गावात जन्माला घालायची आणि पाय हलवत फोनची वाट बघायची. दर वेळी गळाला मासा.

शेवटी एका सोमवारी तिने आईच्या नोंदीपुढे लिहिलं, ‘माहेर कुडाळ’. ती नोंद, खाली दुकानाचा नंबर घालून, मी आरोंद्याच्या ओळखीच्या दुकानदाराला पाठवली आणि त्याने गावभर फिरवली. आठ दिवस काहीच नाही. नवव्या दिवशी फोन वाजला. मी स्पीकर लावला.

“कुडाळचा म्हणणारी ती कोण?” म्हातारा खवळला होता. “माझी थोरली भयण ती! आरोंद्याची! कुडाळाक आमचा कुत्रासुद्धा जाणा नाय!”

आवाज आम्ही दोघांनी ओळखला. खारे काजू.

“मगे नाव सांगा तिचा,” नर्सबाय म्हणाली.

“आवडी!” म्हातारा ओरडला. मग त्याचा आवाज एकदम खाली आला. “तू... आवडीचा चेडू?”

“व्हय, मामा. माका तुमच्या काजीतला काय नको.”

“मगे ह्यां कुडाळ?”

“तुमका बोलता करूक.”

मामा आधी शिव्या देत हसला, मग नुसत्याच शिव्या देत राहिला, आणि त्या देताना त्याचा आवाज भिजला. नर्सबायने रिकाम्या चौकोनावर बोट नेलं. इंजेक्शन नाही. नुकत्याच जन्मलेल्या बाळाच्या टाळूला हात लावावा तशी तिने तीन अक्षरं उमटवली. लाल रंग गेला. चार दिवसांनी आरोंद्याहून काजूगरांची पिशवी आली, सोबत चिठ्ठी, ‘बागेतला वाटा नव्हे, फक्त खाऊ’.

नर्सबाय गेल्या चतुर्थीच्या आधी गेली. दिवसकार्य झाल्यावर एकदा मी तिचं खातं उघडलं. त्यात तिने माझीही एक नोंद करून ठेवली होती, आणि तिचा शेवटचा बदल त्याच नोंदीत होता. ‘जन्मस्थळ : कुडाळ, सरकारी दवाखाना.’

मी उडालोच. जिने मला स्वतः पडवीत फटका मारून रडवलं, तिने कुडाळ लिहावं? रागारागाने मी ‘दुरुस्त करा’ दाबलं. गावाचं नाव घातलं. तर त्याखाली आणखी एक चौकोन उघडला. ‘आईचं जन्मनाव’. रिकामा. लाल.

बोट हवेतच राहिलं. माझे मामा आईला ‘बाय’ म्हणायचे, बाबा नुसतंच ‘अगो’. मी कधी विचारलंच नव्हतं.

दुकानाचं शटर अर्धं ओढून घरी गेलो. आई विळीवर बांगडे साफ करत होती. मी विचारलं. तिने मान वर केली नाही.

“इलंस?” ती म्हणाली. “नर्सबाय माका सांगान गेलेली, तो इचारूक येतलो. पन्नास वर्षां लावलंस, मेल्या. बस आता.”