पाच पाट्या गाळ आणि मामीचं दार

पाडवा नुकताच झाला होता आणि मामीचं पत्र आलं. मास्तरांकडून लिहवून घेतलेलं: "मधूला रजा नाय. घरातून कोन गाळाला गेलं नाय तर पालखी दारावरनं पुढं जाईल."

मामा गेल्यानंतरची ती पहिलीच जत्रा. बदलापूरपासून दोन कोसांवरच्या त्या गावाचा नेम असा, की चैत्री पौर्णिमेच्या दिवशी प्रत्येक घरातल्या पुरुषाने तळ्यातून पाच पाट्या गाळ काढून आपल्या शेतात टाकायचा. संध्याकाळी देवीची पालखी त्याच घरांच्या दाराशी थांबणार. तळं साफ, शेताला खत आणि वर पुण्य. इतका व्यवहारी देवधर्म मी अन्यत्र पाहिलेला नाही.

कल्याणहून टांग्याने आधी उल्हासनगर गाठलं. बराकीच्या ओसरीवर दुकान मांडलेल्या सिंधी शेटने लोखंडी घमेलं वाजवून दाखवलं, "साईं, जिंदगीभर चलेगा!" घेतलं. अंबरनाथला कारखान्याच्या फाटकाशी मामेभाऊ मधू भेटला.

"दादा, माझ्या वाटच्या पाट्या तूच काढ. रजा मागितली तर साहेब म्हनतो, देवीचं सर्टिफिकेट आन."

बदलापूर स्टेशनाबाहेर बैलगाडी मिळते, आठ आणे. पाणी बरोबर ठेवावं. बसायला गोणपाट मागून घ्यावं, नाहीतर दोन कोसांत कंबरेची सगळी हाडं मोजून होतात.

सकाळी तळ्यात उतरलो. पहिलंच घमेलं डोक्यावर घेतलं आणि गाळाचं पाणी मानेवरून थेट धोतरात. काठावरचे पाटील म्हणाले, "भाच्या, पाटीतनं पानी गळून जातं. तू तर तळंच उचललंस!" बायका पदर तोंडाला लावून हसत होत्या. पण पाच खेपा केल्या.

तेव्हा पाटलांनी मान हलवली. "घाम खरा. पन तू बहिनीकडचा. पाव्हन्याचा गाळ घराच्या नावावर लागत नाय."

 मामीने घरी जाऊन अंगण मात्र सारवलंच.

दुपारी विकास योजनेचे साहेब जीपमधून आले. बांधावर उभे राहून म्हणाले, "खेड्यांनी एकत्र येऊन श्रमदान करायला शिकलं पाहिजे." गुडघाभर चिखलातलं सगळं गाव हे मन लावून ऐकत होतं. शेवटी एका म्हातारीने पाटी पुढे केली, "शिकवा की, साहेब."

साहेब माणूस बरा. बूट काढून खरोखर एक पाटी वाहिली. पाटील इतके खूश, की संध्याकाळी पालखी जीपसमोर थांबवली. जीपच्या दाराला कुंकू लागलं, चाकावर नारळ फुटला. मग पालखी निघाली आणि मामीच्या अंगणावरून पुढे चालली.

मामी आरतीचं ताट घेऊन वाटेत उभी राहिली.

"पाटील, एका पाटीत जीप गावची झाली. पाच पाट्यांत माझा भाचा घरचा होत नाय?"

ढोल थांबला. पाटील मुंडासं खाजवत राहिले. त्यांचा विचार पुरा व्हायच्या आत पुढच्या भोयाला हसू फुटलं आणि त्याने खांदा अंगणाकडे वळवला. मामीने पालखीआधी पुन्हा हात फिरवला होता, सारवण अजून ओलं होतं. भोयांची पावलं त्यात उमटली ती मामीने कितीतरी दिवस पुसली नाहीत म्हणे.

घरी परतल्यावर दोन दिवस भांग पाडायला हात वर जाईना. घमेलं बायकोने कोळशासाठी ठेवून घेतलं. शेट खोटं बोलला नव्हता, अजून चालतंय.

मामीला जाऊन आता दोन वर्षं झाली. मधूने अंबरनाथला खोली घेतली. गावच्या घराला कुलूप आहे. मी मात्र दर चैत्रात जातो, आता बांबूची पाटी घेऊन. पाच खेपा होतात आणि पालखी कुलपासमोर थांबते. पाटील मला नावाने हाक मारतात, भाच्या म्हणत नाहीत. तरी कोरड्या मातीवर पावलं उमटत नाहीत, ते खटकतं.

यंदा पालखी यायच्या जरा आधी अंगण सारवायचं ठरवलंय. शेणात माती किती घालतात, कुणाला ठाऊक असेल तर कळवा. जिला विचारलं असतं, ती मामीच होती.