तांदळात लिहिलेलं नाव

“अगं, हिला स्वतःचं नाव नव्हतं की काय?” शिकागोच्या संग्रहालयात, कोपऱ्यातल्या एका लहानशा चित्रासमोर नवऱ्याच्या काकू मोठ्यांदा म्हणाल्या आणि स्वतःच हसल्या.

चित्रात खिडकीपाशी अर्धं सोललेलं संत्रं होतं. सालीच्या आतल्या पांढऱ्या मऊपणावर करडा, ओलसर उजेड असा विसावला होता, की वाटावं, सोलणारी आत्ताच कुणाच्या तरी हाकेसरशी उठून गेली आहे. खालच्या पाटीवर लिहिलं होतं, ‘मिसेस एडवर्ड हॅलम’. व्हिक्टोरिया राणीच्या काळातली चित्रकार. नवरा नावाजलेला; त्याच्या भव्य चित्रांतली फळं, फुलं, पडद्यांच्या चुण्या बहुधा हिच्या हातच्या, सही मात्र त्याची. तिचं म्हणून उरलं ते एवढं एक संत्रं. जन्मनाव अज्ञात.

अज्ञात! किती सभ्य शब्द! जणू ते कुणी घेतलं नाही, आपलं आपणच वाट चुकलं. संत्रं रंगवताना ती स्वतःला मनातल्या मनात कुठल्या नावाने हाक मारत असेल?

मला आठवलं ते लग्नातलं ताट. तांदळावर अंगठीने नवऱ्याने ‘अनघा’ लिहिलं, टाळ्या झाल्या, पेढे वाटले गेले. मीही हसले. इंग्रजी शाळेत शिकलेली मी. ‘नको’ म्हणणं मला दोन भाषांत येत होतं, आणि एकीतही जमलं नाही. आम्ही राहतो त्या शॉमबर्गमध्ये सगळ्यांना अनघाच ठाऊक. जुन्या नावाने हाक मारणारी एकटी आई उरली होती, ती गेल्या हिवाळ्यात गेली. माणूस जातं आणि नाव मागे राहतं म्हणतात. माझं नाव आधी गेलं, मी मागे राहिले.

संग्रहालयाच्या कॅफेत काउंटरवरच्या मुलीने कपावर लिहायला नाव विचारलं. एरवी मी नवऱ्याचं ‘सॅम’ सांगून मोकळी होते. आज ओठांतल्या ओठांत दुसरंच सांगितलं. कपावरचं नाव ते काय, कॉफी संपली की कचऱ्यात!

“क्रिटिका!” जरा वेळाने ती ओरडली. कुणी उठेना. “क्रिटिका!”

“कोण गं ही बया? कॉफी निवतेय तिची,” काकू इकडेतिकडे बघत म्हणाल्या.

त्या सालीवरचा उजेड अजून डोळ्यांत होता. संत्रं तसंच टाकून उठलेली ती परत आलीच नव्हती.

“कृत्तिका,” मी म्हणाले. “मी आहे ती, काकू.”