निंबोल्याच्या मोटरी

मी शांत डोक्याची बाई नाही, हे आधीच सांगितलेलं बरं. चाचणीच्या दिवशी तर मी सकाळपासून हवेतच होते. शहरात इतवाऱ्यातल्या आमच्या घरून स्कूटर काढली ती निंबोला गावापर्यंत मोठमोठ्याने गात गेले. माझा आवाज कसा आहे, ते आमच्या शेजाऱ्यांना विचारा.

निंबोल्याच्या कडेला, पडीक जमिनीवर सौर पॅनेलं उभी राहिली होती. शेजारच्या खोलीत बॅटऱ्या होत्या आणि भिंतीला लागून कपाटाएवढा एक कंट्रोलर. ऊन किती आहे, बॅटरीत शिल्लक किती, बाहेरच्या लाईनीतून काय येतंय, हे सगळं बघून कोणाला कधी वीज द्यायची ते तो ठरवायचा. गावाने त्याचं नाव ठेवलं होतं कारभारी. तीन ठिकाणची वीज एका घरात आणून नांदवायची, हेच त्या वर्षांतलं माझं काम होतं, आणि त्या कामाने मला अक्षरशः वेड लावलं होतं. जेवताना पोळीवर बोटाने मी वायरिंग काढायचे.

त्या दिवशी बाहेरची लाईन मुद्दाम तोडायची होती. गावातली घरं आणि शेतातल्या मोटरी नुसत्या उन्हावर आणि बॅटरीवर चालवून दाखवायच्या होत्या. ज्यांना दाखवायच्या ते पॅनेलं बसवणाऱ्या कंपनीचे साहेब भोपाळहून आले होते, आणि पहिल्या चहालाच त्यांनी सांगून टाकलं की मोटरी झेपल्या नाहीत तर त्यांना वगळायचं. फक्त घरं आणि रस्त्यावरचे दिवे जोडायचे आणि मोकळं व्हायचं.

साहेबांना ते सोपं होतं, माझ्या मामांना नव्हतं. मामांचं शेत पॅनेलांना लागूनच. केळीला घड लागलेले आणि वर मे महिन्याचं ऊन. जुन्या लाईनीची पाळी यायची ती बहुतेक रात्रीचीच, आणि तीही कधी येईल ते सांगता यायचं नाही. मोटर आपोआप सुरू व्हायची, पण ठिबकचे व्हॉल्व फिरवायला माणूस लागायचाच. त्यामुळे किती उन्हाळे मामा शेतातच झोपत आले होते. कारभाऱ्यावर मोटर जोडायला गावात सगळ्यात आधी हो म्हणाले ते मामाच, कारण कारभारी दिवसा पाणी देणार होता. मोटरी वगळल्या असत्या तर मामांच्या रात्री तशाच शेतात गेल्या असत्या. मला ते होऊ द्यायचं नव्हतं.

लाईन तोडली. क्षणभर सगळं गप्प झालं. मग बॅटरीने भार उचलला, खोलीतला पंखा फिरला आणि मी टाळी वाजवली. टाळीचा आवाज विरतो न विरतो तोच चारी बाजूंच्या शेतांतून मोटरींची एकच घरघर उठली आणि सगळं परत बंद पडलं. पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा तेच. त्यानंतरही तेच.

कारण माझ्या तत्काळ लक्षात आलं आणि डोकं तापलं. आमच्याकडे प्रत्येक विहिरीवर स्टार्टरशेजारी ऑटोची डबी असते. लाईन आली रे आली की मोटर आपली आपण सुरू. न सांगता येणाऱ्या लाईनीवर जगायचं तर दुसरा इलाज नव्हता. पण मोटर सुरू होताना क्षणभर कितीतरी पट जास्त वीज ओढते. सगळ्या एकदम सुरू झाल्या की बॅटरी हात वर करते. म्हणून आठवडाभर मी घरोघर जाऊन सांगितलं होतं, चाचणीच्या दिवशी ऑटो बंद ठेवा, मी फोन करीन तेव्हा एकेकाने हाताने बटण दाबा. सगळ्यांनी माना डोलावल्या होत्या, चहाही पाजला होता.

साहेब उठले. "मॅडम, खाना खाकर आता हूँ. हो गया तो ठीक, नहीं तो मोटर काट देंगे."

मी तरातरा मामांच्या विहिरीवर गेले. डबीवरचा हिरवा दिवा लुकलुकत होता.

"मामा, तुमचीपण चालू?"

"हो मग," मामा म्हणाले. "मी म्हटलं सगळ्यांनी बंद करेल असतीन. आपल्या एकट्याच्यानं काय फरक पडते?"

अख्ख्या गावाने हाच हिशेब केला होता. प्रत्येकाने दुसऱ्यावर विश्वास टाकून आपली चालू ठेवली होती. मला हसावं की ओरडावं कळेना, म्हणून मी ओरडले. "थांबा, ही डबीच उपटून टाकते," म्हणत पेचकसाने स्क्रू फिरवून झाकण काढलं आणि तिथेच थबकले. आत एक छोटीशी काळी खुंटी होती. लाईन आल्यावर किती वेळ थांबून मोटर सुरू करायची, ते त्या खुंटीने ठरतं. मामांची खुंटी अगदी खाली होती, म्हणजे थांबायचंच नाही. आणि गावातल्या सगळ्या डब्या इतवाऱ्यातल्या एकाच दुकानातून आलेल्या, म्हणजे सगळ्यांच्या खुंट्या अशाच खाली.

मला इतका आनंद झाला की मी मामांचा हात धरून गदागदा हलवला. ऑटो बंद करायची गरजच नव्हती. प्रत्येक डबीला वेगवेगळा वेळ थांबायला शिकवलं की झालं.

बॅटरीच्या खोलीपाशी लोक जमले होते. ऑटो राहणार म्हटल्यावर सगळे खूश झाले. मग कोणीतरी विचारलं, "पण शेवटचा नंबर कोनाचा?" आणि तिथे जुंपली. पहिल्या आणि शेवटच्या मोटरीत जेमतेम काही मिनिटांचा फरक पडणार होता, पण शेवटचं व्हायला कोणी तयार नाही. एकाचं शेत लांब, दुसऱ्याची केळी कोवळी, तिसऱ्याला नुसताच अपमान वाटत होता. मी तोंड उघडणार तेवढ्यात मामा म्हणाले, "शेवटचा मले द्या. चला, उशीर होऊन राहिला."

मग मामांना मागे बसवून मी बांधाबांधाने स्कूटर पळवली. झाकण काढायचं, खुंटी फिरवायची, झाकण लावायचं. घामाने पेचकस हातातून निसटत होता आणि मी पुन्हा गात होते. मामांनी एकदा विनंती केली की निदान वळणावर तरी गाऊ नकोस.

साहेब ढेकर देत परत आले. लाईन तोडली. पंखा थांबला, फिरला. पश्चिमेकडून एक मोटर बोलली. थोड्या वेळाने तिच्या पलीकडची. मग ओढ्याकडची. एकीमागून एक घरघर वाढत गेली आणि मी बोटांवर मोटरी मोजू लागले. कारभाऱ्याच्या पडद्यावरचा भार चढत चढत लाल पट्टीला टेकला. आता फक्त मामांची राहिली होती. ती झेपेल की सगळ्यांना घेऊन पडेल, मला खरंच माहीत नव्हतं. दारातून मामा दिसत होते, विहिरीपाशी हात मागे बांधून उभे.

मोटर सुरू झाली. पंखा मंदावला, जवळजवळ थांबला आणि परत वेगाने फिरू लागला. आकडा लाल पट्टीतून खाली उतरला आणि तिथेच राहिला. मला रडू आलं आणि मी डोळे पुसलेही नाहीत. साहेबांनी वाकून पडद्यावरचा आकडा बघितला. मग म्हणाले, "रहने दो मोटर."

मी धावत बाहेर गेले आणि मामांना सांगितलं. मामांनी खिशातून फोन काढला. त्यांचा फोन कायम स्पीकरवर असतो.

"ऐकते का," ते मामीला म्हणाले, "आज रात्री मी घरीच येतो झोपाले."



"तब्येत बरी हाय ना तुमची?" पलीकडून मामीने विचारलं.