झुलीसकट सही

ओडेट मातोस गप्प बसली आहे, असं दृश्य कॅलिफोर्नियातल्या तुलारे गावाच्या आसपास कुणी पाहिलं नव्हतं. गोठ्यात ती गायींशी बोलायची, गाडीत सिग्नलशी बोलायची, आणि चर्चमध्ये पाद्री प्रवचनात अडखळला तर पहिल्या बाकावरून पुढचं सांगून मोकळी व्हायची. गायी विकल्यावर बोलायला कुणी उरलं नाही म्हणून ही शाळेत घुसली, असं तिचा नवरा अवेलिनो सगळ्यांना सांगायचा. खरं म्हणजे तिला लहानपणापासून जीवशास्त्राची बाई व्हायचं होतं. दोन वेळच्या धारांतून तिला कुणी सोडलंच नव्हतं.

पन्नाशीच्या तोंडावर ती विद्यापीठात गेली आणि मुलांच्या वयाच्या पोरांबरोबर बसून पास झाली. पण कॅलिफोर्नियात हायस्कुलात एकच विषय शिकवायचा म्हटला तरी परवाना लागतो, आणि तो हाती येईपर्यंत माणसाला त्या विषयाखेरीज बाकी सगळं करून दाखवावं लागतं. ओडेटने बोटांचे ठसे दिले, क्षयाची तपासणी करून घेतली, तात्पुरत्या परवानगीवर वर्गही घेतले. गाडी अडली ती शेवटच्या फिल्मवर. वर्ग चालू असताना फिल्म काढायची, मधे कुठेही कापायची नाही, आणि परीक्षकांकडे पाठवायची. मुख्याध्यापकांनी स्वच्छ सांगितलं होतं: फिल्म पास झाली तर ऑगस्टपासून नोकरी कायम, नाही तर जून महिन्यात रामराम.

पहिली फिल्म नापास झाली. शेरा आला: शिक्षिका सतत बोलते आणि विद्यार्थ्यांच्या हातातलं काम काढून घेते.

"खोटं आहे हे!" ओडेट कडाडली. "मी कुठे सतत बोलते? मी फक्त समजावून सांगते. आणि समजलं नाही तर पुन्हा सांगते. आणि समजलं असेल तरी एकदा—"

"ओडेट," तिच्या मार्गदर्शक मिसेस तोरोसियन म्हणाल्या. तीस वर्षं त्या शाळेत काढलेली, मोजकं बोलणारी आर्मेनियन बाई. "अडलेल्या गायीचं वासरू ओढून काढावं तसं तू पोरांच्या तोंडातून उत्तर ओढून काढतेस. प्रत्येक गाय अडलेली नसते गं."

ओडेटला ते इतकं लागलं की ती त्यावर जेमतेम दहा मिनिटंच बोलली.

दुसरी फिल्म काढायची ठरली. नियम असा, की ज्या पोराच्या घरून सही नाही त्याचा चेहरा दिसता कामा नये. आणि इथे भलतंच झालं. गावातल्या पोर्तुगीज आयांनी समजून घेतलं होतं, की नापास झाल्या त्या आपल्या पोरी. वर्षानुवर्षं गावात परीक्षक यायचे, माणसं टक लावून बघायची, ते फक्त फेस्ताच्या, म्हणजे चर्चच्या जत्रेच्या मिरवणुकीत, दर वर्षी पोरींतून निवडलेल्या राणीला बघायला. बाईंना कुणी बघून मार्क देतं, ही गोष्ट कुणाच्या डोक्यात शिरेना.

"माझी मर्लीन घरच्या कपड्यांत गेली होती," डेल्फिना सिल्व्हेरा म्हणाली. फेस्ताच्या स्वयंपाकात ती मटणाच्या रश्श्याचं पातेलं ढवळत होती. तिची मर्लीन यंदाची राणी. "नापास करणारच ते. मला आधी सांगायचं नाही?"

"अगं, तिला नाही, मला नापास केलं!"

"तुला कोण बघतंय?" डेल्फिना म्हणाली. "सही देते मी. पण झुलीसकट."

आता ही झूल म्हणजे राणीच्या खांद्यांवरून मागे सोडलेली मखमल, वर्षभर खपून मण्यांनी भरलेली, इतकी जड की चालताना मागून दोघींनी उचलावी लागते. तिला झूल म्हटलेलं डेल्फिनाला कळलं तर ती जीव घेईल, पण दुसरा शब्द नाही. डेल्फिनाने सहीच्या कागदावर खरंच लिहून दिलं: झुलीसकटच. ते बघून गेल्या वर्षीच्या राणीची, नटालियाची, आई मागे कशी राहणार?

ठरल्या दिवशी ओडेटने वर्गाचं दार उघडलं. टेबलांवर अवेलिनोने खाटीकखान्यातून आणलेली गायींची हृदयं मांडलेली होती, आणि दारात दोन राण्या उभ्या होत्या, मुकुटांसकट. फिल्म पाठवायची मुदत त्याच दिवशी संपत होती. दाराच्या काचेला बाहेरून डेल्फिनाचं नाक चिकटलेलं होतं.

"चालू करा," ओडेट मिसेस तोरोसियनना म्हणाली. कॅमेरा चालू झाला, आणि पहिल्याच मिनिटाला टेबलावरून रक्ताचं पाणी ओघळून खाली आलं, सरळ मखमलीच्या दिशेने.

ओडेटने झेप घेतली. एक झूल या काखेत, दुसरी त्या काखेत, उरलेले पदर दोन्ही हातांत. कॅमेरा थांबवता येत नव्हता. मखमल सोडली तर डेल्फिना दार तोडून आत आली असती. तोंडापर्यंत मखमल आली होती, आणि मणी टोचत होते.

"बाई, हृदयाच्या आत ही कसली झडप आहे?" मर्लीनने विचारलं.

ओडेटने तोंड उघडलं. तोंडात सोनेरी झालर गेली.

"बाई?"

"म्फ," ओडेट म्हणाली.

वर्ग थांबला. ओडेटचा जीव कासावीस झाला, कारण उत्तर जिभेवर होतं आणि हात शिवशिवत होते. मग नटालिया म्हणाली, "वरून पाणी ओत ना. बघू खाली जातं का." मर्लीनने ओतलं. "गेलं!" "आता खालून दाब." "नाही येत परत वर!" "मग ते दार आहे. एकाच बाजूला उघडणारं." "आमच्या गोठ्याच्या फाटकासारखं!" मागच्या बाकांवरचे उठून पुढे आले. कुणीतरी जोरात दाबलं, पाण्याची पिचकारी राणीच्या मुकुटावर उडाली, आणि सगळा वर्ग खिदळत एकमेकांना हृदय समजावून सांगत सुटला. मखमलीमागे ओडेट घामाघूम होऊन उभी होती. आपल्याशिवाय हे होतंय, याचं तिला रडू येत होतं, आणि होतंय याचंही.

मे महिन्यात निकाल आला. पास, आणि वर शेरा: शिक्षिकेने अखेरपर्यंत हस्तक्षेप टाळला. कापड धरण्यामागचा हेतू स्पष्ट होत नाही, तरीही परिणामकारक.

"म्हणजे तू काहीच केलं नाहीस, तेव्हा पास झालीस," अवेलिनो म्हणाला.

"गप्प बस तू," ओडेट म्हणाली, आणि स्वयंपाकघरात जाऊन मनसोक्त रडली. गावभर डेल्फिना सांगत फिरली, की झुलीने पास केलं. पहिल्यांदाच ओडेटला तिचं म्हणणं खोडता आलं नाही.

ऑगस्टमध्ये शाळा उघडली. आदल्या दिवशी ओडेट डेल्फिनाच्या दारात गेली होती. "उरलेली मखमल आहे का गं? जड पाहिजे."

आता नव्या वर्गात, नव्या पोरांसमोर, ती दोन्ही हातांत मखमलीचं गाठोडं घेऊन उभी राहिली. पहिल्या बाकावरच्या मुलीने विचारलं, "बाई, हे असं का होतं?"

ओडेटने श्वास घेतला, गाठोडं छातीशी घट्ट धरलं, आणि वाट बघत उभी राहिली.