चिंचेचा आळ

आमच्याकडील शंभर रुपयांच्या चांदीच्या नाण्यावर ज्या बारीक रेघा आहेत, त्यांची माझा मुलगा सांगतो ती हकीकत चुकीची आहे. तो सांगतो छान, लोक हसतातही. पण ऐकणाऱ्यांना आवडली म्हणून हकीकत खरी ठरत नाही.

दिल्लीत मयूर विहारमधील आमच्या मंडळाने सभासदांच्या छंदांचे प्रदर्शन ठरवले, तेव्हा मुलगा फरीदाबादहून माझे नाण्यांचे संच मांडायला आला. त्या नाण्याखाली ठेवायची चिठ्ठी त्याने छापूनच आणली होती : 'आईने चिंचेने घासलेले नाणे'.

"ही चिठ्ठी लागणार नाही," मी म्हणालो.

"बाबा, आई असती तर तीपण हसली असती. सगळ्यांना माहीत आहे ती गोष्ट."

"सगळ्यांना चूक माहीत आहे."

"चलो, मग तुमचं व्हर्जन सांगा," म्हणत त्याने खुर्ची ओढली.

मी सांगितले ते असे.

टाकसाळ खास संग्राहकांसाठी जी नाणी पाडते, ती बाजारातल्या नाण्यांसारखी नसतात. त्यांचे ठसे आधी आरशासारखे चकचकीत करून घेतात, म्हणून नाणेही आरशासारखे निघते. अर्ज आणि ड्राफ्ट पाठवून महिनोन् महिने वाट पाहावी, तेव्हा निळ्या पेटीतला संच टपालाने येई. अशा नाण्याला फक्त कडेने धरायचे आणि कधीही पुसायचे नाही. हा नियम मी करोल बागेतल्या आमच्या रविवारच्या बैठकीत नवख्यांना, त्यांनी न विचारताही, ऐकवत असे.

हे नाणे आले त्या वर्षी दिवाळीत लक्ष्मीपूजनाची मांडणी करताना पत्नी म्हणाली, "अहो, घरात चांदीचं नाणं असून मी लक्ष्मी म्हणून गिलटाचं ठेवू? एक दिवस पेटीबाहेर आलं तर काय झिजणार आहे?"

मुद्दा बिनतोड होता. नाणे मी स्वतः काढले, कडेने धरले आणि तबकात ठेवले. "पंचामृत घालू ना?" असे तिने विचारले, तेव्हा मी होकारार्थी मान हलवली. दुधाचे, मधाचे थेंब त्या आरशावर पसरलेले पाहिले मात्र, माझा धीर सुटला. खिशातला रुमाल काढून मी नाणे खसाखसा पुसले. पाण्याखाली धरून अलगद टिपायचे असते, हे त्या खोलीत एकट्या मलाच ठाऊक होते.

पुढच्या रविवारी बैठकीतल्या ज्येष्ठ संग्राहकाने भिंग लावून विचारले, "भाईसाहब, ये किसने घिसा?"

"घर में सफ़ाई चल रही थी," मी म्हणालो.

"भाभीजी ने इमली लगा दी होगी," तो म्हणाला. सगळे हसले. मी नाही म्हटले नाही.

महिन्याभराने तोच गृहस्थ आमच्या क्वार्टरवर चहाला आला आणि त्याने तो विनोद तिच्यासमोर पुन्हा केला. मुलगा तिथेच बसला होता. त्याची हकीकत तिथली. पत्नीने माझ्याकडे एकदा पाहिले आणि पाहुण्याला विचारले, "शक्कर ठीक है ना, भाईसाहब?"

तो गेल्यावर कपबशा उचलताना ती एवढेच म्हणाली, "चांदीला चिंच? निदान दंतमंजन तरी म्हणायचं होतंत."

चिंच तांब्यापितळेला. चांदी ती जन्मभर पांढऱ्या दंतमंजनाने उजळत आली. ज्या घरात आपण वाढलो तिथले एवढेही मुलाला ठाऊक नसावे, याचे मला नवल वाटते. आणि बाबांनी महिनाभर अबोला धरला, असे जे तो सांगतो, तेही खोटे. अबोला चार दिवसांचा होता, आणि तो तिने धरला होता.

मुलाने भिंग घेतले. "रेघा सगळ्या एकाच दिशेने आहेत," तो म्हणाला.

"भांडी घासणारा हात गोल फिरतो. ही पुसणाऱ्याची घाई आहे."

"मग आईने कधी सांगितलं का नाही?"

ती असताना 'चूक माझी' हे दोन शब्द बैठकीत उच्चारायला मला पुष्कळ रविवार मिळाले होते.

नाण्याशेजारी मी एक बाद ठसा ठेवला. दूतावासात बदली झालेल्या सहकाऱ्याने तो परदेशातल्या टाकसाळीतून आणून दिला होता. पुन्हा कोणी नाणे पाडू नये म्हणून तिथे ठशाच्या तोंडावर आडवा छेद मारतात. मग मी नवी चिठ्ठी हाताने लिहिली : 'ठशावरचा छेद टाकसाळीने मारलेला आहे. नाण्यावरच्या रेघा संग्राहकाने स्वतःच्या रुमालाने पाडल्या आहेत. घरातील अन्य कोणाचा त्यात हात नाही.'

प्रदर्शनात कोणी हसले नाही. माणसे वाचून शेजारच्या क्रोशाच्या रुमालांकडे वळत होती. जुनी चिठ्ठी मात्र मुलाने फाडली नाही, घडी करून पाकिटात ठेवली. ती मी परत मागितली आहे.