टँकरवालीचं तळं

गावात तिला नावानं हाक मारणारं कुणी उरलं नव्हतं. सगळे टँकरवालीच म्हणत, आणि तिलाही त्यात काही वावगं वाटत नसे. गाव पार उत्तरेकडचं. तिथली जमीन बारा महिने गोठलेली असायची. उन्हाळ्यात वरचा हातभर थर तेवढा सैल पडे. अशा जमिनीत नळ कुठून घालणार? म्हणून घरोघरी पिंप होतं आणि ते भरायला ही होती. माळावरच्या तळ्यात नळी सोडायची, पंप लावायचा, टाकी भरली की गल्लोगल्ली हिंडायचं. आधी तिचे वडील हे काम करत. त्यांच्या गुडघ्यांनी दगा दिला तेव्हा तिनं चावी उचलली. बाईला टँकर मागे घेता येईल का, असं शेजारच्या सुतारानं विचारलं, तेव्हा तिनं त्याच्या अंगणातल्या वाळत घातलेल्या कपड्यांच्या दोन रांगांमधून टँकर मागे घेऊन दाखवला. एक चिमटाही हलला नाही.

नवरा लांबच्या खाणीवर कामाला होता, वर्षातून दोनदा घरी यायचा. बाकी तिला जवळचं माणूस म्हणजे थोरली जाऊ. जाऊबाईंची लाँड्री होती, तळ्याच्या उताराखाली, खालच्या रस्त्याला लागून. दवाखान्याच्या चादरी त्यांच्याकडे धुवायला यायच्या. तोंडानं फटकळ, पण मनानं लोण्यासारखी बाई. पहिली तक्रार त्यांचीच आली.

“काय गं, टाकीत चहा भरून आणतेस का?” त्यांनी एक पिवळट चादर तिच्या अंगावर फेकली. “डॉक्टर म्हणतात, ही नेमकी कोणत्या पेशंटची!”

टँकरवाली हसली खरी. पण दुसऱ्या दिवशी तिनं ओंजळीत पाणी घेऊन पाहिलं, तर ते खरंच तांबूस दिसत होतं. नाकाशी नेलं तर भिजलेल्या पालापाचोळ्याचा वास आला.

त्या काळात तळ्यावर एक बाई यायची, खांद्याला पिशवी, पिशवीत बाटल्याच बाटल्या. पाणी भरायची, चिठ्ठ्या लावायची. गावानं तिचं नावच बाटलीबाई करून टाकलं होतं. टँकरवालीनं तिलाच विचारलं.

“खालची जमीन वितळतेय,” बाटलीबाई म्हणाली. “हजारो वर्षांपूर्वीचं गवत, मुळं, मेलेली जनावरं, सगळं या बर्फात जसंच्या तसं पडून होतं. तुमचा फ्रीज बंद पडला तर काय होईल?”

“सगळं सडेल.”

“तेच चाललंय. ते सडून पाण्यात उतरतंय, म्हणून पाणी तांबडं. आणि सडताना गॅस सुटतो, तो हवेत जातो. त्यानं हवा आणखी तापते, मग आणखी वितळतं.”

“मग ते थांबतं कुठे?”

बाटलीबाईनं बाटलीचं झाकण उगाच दोनदा घट्ट केलं. “ते मला ठाऊक असतं तर मला झोप लागली असती,” ती म्हणाली.

हिवाळ्यात तळं गोठलं, तेव्हा तिनं एक गोष्ट दाखवली. बर्फाच्या पोटात त्या गॅसचे पांढरे गोल बुडबुडे अडकले होते, एकावर एक, थाळ्यांच्या चळतीसारखे. बाटलीबाईनं एकाला टोच्यानं भोक पाडलं, लांब काडीनं आग लावली आणि टुणकन मागे उडी मारली. पुरुषभर उंचीचा जाळ उठला. खाली पाणी, मध्ये बर्फ, वर आग. टँकरवाली दोन पावलं मागे सरली. बापानं आणि तिनं मिळून याच तळ्यावर आयुष्य काढलं होतं, आणि आपल्या पायाखाली काय आहे याचा तिला पत्ताच नव्हता.

त्यानंतर तिची भीती काही गेली नाही. त्याच हिवाळ्यात पाऊस पडला. जिथे महिनोन्‌महिने नुसता कोरडा बर्फ पडायचा, तिथे धो धो पाऊस. म्हातारी माणसं दारात उभी राहून बघत होती. पुढे घरांची दारं लागेनाशी झाली, खांब तिरके झाले. सुताराला जेवायला फुरसत मिळेना, तरी त्याचा चेहरा उतरलेला. तळ्याच्या काठावर, खालच्या रस्त्याच्या बाजूला, एक भेग पडली. टँकरवालीनं तिच्यात खडा टाकला. बऱ्याच वेळानं खालून ‘डुबुक’ असा आवाज आला.

ती तडक नगरपालिकेत गेली. साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि तिथे धोक्याची पाटी लावू म्हणाले. पाटी लागलीही. महिन्याभरात ती भेगेतच पडली.

तेव्हापासून टँकरवाली टँकर उलटा लावू लागली, तोंड गावाकडे. इंजिन बंद करणंही तिनं सोडलं. जाऊबाईंना ती म्हणाली, “काही दिवस माझ्याकडे राहायला या ना.”

“आणि मशिनं काय तू डोक्यावर घेऊन जाणार?” जाऊबाई म्हणाल्या. “भित्री कुठली!”

उन्हाळा सरता सरता आठवडाभर पावसानं झोडपलं. आठव्या दिवशी सकाळी ती तळ्यावर पोचली, नळी सोडली, पंप सुरू केला. पंप खोकला, हवा ओढू लागला. जाळी गाळानं भरली असेल म्हणून ती वाकली, तर नळीचं तोंड उघड्या चिखलात पडलं होतं. कालचा काठ तिच्या पायाशी होता आणि पाणी दहा हात मागे सरकलं होतं. ती बघत होती आणि ते सरकतच होतं.

मग आवाज आला. गडगडाट नव्हे, कुणीतरी मोठा घोट घ्यावा तसा. भेगेच्या जागी काठ खचला. आत काळ्या मातीत बर्फाच्या उभ्या पाचरी चमकल्या, आणि त्यांच्यामधून पाणी उसळून खाली निघालं.

तिनं नळी तिथेच टाकली. हॉर्नवर हात दाबून धरला आणि टँकर वळणाच्या रस्त्यानं खाली सोडला. लोक दारं उघडून बाहेर आले, शिव्या देता देता त्यांची नजर माळाकडे गेली आणि ते पळत सुटले. जाऊबाई मात्र दोरीवरच्या चादरी गोळा करत होत्या.

“जाऊबाई, चला! तळं फुटलं!”

“अगं थांब, दवाखान्याच्या आहेत...”

“चला म्हणतेय ना!” आयुष्यात पहिल्यांदा ती थोरल्या जावेवर ओरडली. दंडाला धरून तिनं त्यांना वर ओढलं, चादरींसकट.

समोरच्या चढावर पोचून तिनं मागे पाहिलं. पाणी असं म्हणवत नव्हतं, काळा चिखल होता. त्यात अख्खी झुडपं होती, खाटेएवढी बर्फाची ढेकळं होती. लाँड्रीची मागची भिंत कागदासारखी आत गेली. एक मशीन गोल गोल फिरत रस्त्यानं निघालं. आणि वास! बंद पेटी युगानुयुगांनी उघडावी तसा कुजका, गोडसर. जाऊबाईंनी तिचा हात घट्ट धरला होता.

कुणी मेलं नाही. गाव तेवढ्यावर देवाचे आभार मानत होतं. संध्याकाळपर्यंत तळ्याच्या जागी चिखलाची वाटी उरली. पाणी आता दूरच्या नदीवरून येऊ लागलं, आणि ती नदीही एका आठवड्यात गंजलेल्या पत्र्यासारखी नारिंगी झाली. बाटलीबाई म्हणाली की वरच्या डोंगरातली माती सुटतेय, तिच्यातलं लोखंड पाण्यात येतंय. गाळा, उकळा, मगच प्या.

गावाच्या दुसऱ्या अंगाला, शाळेच्या मागे, एक धाकटं तळं होतं. टँकरवाली एक दिवस मुद्दाम तिथे गेली आणि काठावर चालून आली. नगरपालिकेच्या सभेत ती उभी राहिली. सभेत बोलायची तिला सवय नव्हती.

“शाळा हलवा,” ती म्हणाली.

“तिथे भेग नाहीये, बाई,” साहेब म्हणाले. “उगाच लोकांना घाबरवू नका.”

“मी घाबरलेय, साहेब. तुम्हीही जरा घाबरा.”

बाटलीबाई उठून तिच्या शेजारी उभी राहिली. “ते तळं कधी फुटेल, फुटेल की नाही, मी सांगू शकत नाही,” ती म्हणाली. “पण माझी मुलगी त्या शाळेत असती तर मी तिला पाठवलं नसतं.”

मग मागून जाऊबाईंचा आवाज आला, “बघताय काय? बाकं उचला!”

शाळा खडकावरच्या व्यायामशाळेत भरू लागली. बाकं सुतारानं नेली. जाऊबाई आता टँकरवालीच्याच घरी राहतात. पत्र्यावर थेंब वाजला की बोलता बोलता थांबतात, आणि दोघी जणी पाऊस किती वाढतोय ते ऐकत बसतात. शाळेमागचं तळं अजून फुटलेलं नाही. परवा त्याच्यावर बुडबुडे येताना दिसले, असं एक आई पिंप भरून घेताना म्हणाली. टँकरवालीनं नळी आवरली, हात पुसले आणि कुठल्या बाजूला, ते विचारलं.